विश्लेषण : बालपणीच्या आघातांबाबत लोकप्रतिनिधींची ‘शिकवणी’… अमेरिकेतील नागरिकांच्या मोहिमेने कायदे बदलले का?

फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या फ्रेडरिक डग्लस हायस्कूलमध्ये एका तरुणाने शिरून शाळेतील कर्मचाऱ्यावर गोळ्या झाडल्या. शाळेत तैनात पोलिसांना शस्त्रे बाळगू द्यायची की नाही, यावर शहरात लगेच वाद पेटला. नगर परिषदेच्या समितीसमोर बोलायला आलेल्या विद्यार्थ्यांनी मात्र चर्चा दुसरीकडे वळवली. गोळीबार हा आमच्या रोजच्या जगण्यातल्या हिंसेचा एक तुकडा आहे, मुळापर्यंत जा, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षभरात शहराने बालपणीच्या आघातांविषयी स्वतंत्र कायदा केला. असे प्रयत्न अमेरिकेत दीड-दोन दशकांपासून सुरू आहेत. डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक आणि स्वतः आघात सोसलेले नागरिक कायदेमंडळांत जाऊन लोकप्रतिनिधींना हा विषय समजावून सांगत आहेत. त्यातून काय हाती लागले, काय निसटले, याचा आढावा.

‘बालपणीचे आघात’ म्हणजे नेमके काय?

या चर्चेत ‘एसीई’ ही संज्ञा सतत येते. तिचा अर्थ बालपणीचे प्रतिकूल अनुभव. वयाच्या १८ वर्षांपर्यंत आलेल्या अनुभवांचे दहा प्रकार त्यात मोजले जातात. शारीरिक, भावनिक आणि लैंगिक अत्याचार हे पहिले तीन. शारीरिक आणि भावनिक दुर्लक्ष हे पुढचे दोन. उरलेले पाच घरातल्या परिस्थितीशी निगडित आहेत: आईला होणारी मारहाण, घरातील व्यक्तीचे व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास आणि आईवडिलांचे विभक्त होणे. प्रत्येक प्रकाराला एक गुण, म्हणून एकूण गुणसंख्या शून्य ते दहा.

यातले धोके समजण्यासाठी ताण आणि ‘विषारी ताण’ यांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. परीक्षेच्या आधी छातीत धडधडणे हा साधा ताण. तो येतो आणि जातो. पण दररोज रात्री घरात मारहाण होत असेल आणि मुलाला जवळ घेणारे मोठे माणूस कोणीच नसेल, तर शरीराची धोक्याची घंटा बंदच होत नाही. ताणाशी संबंधित संप्रेरके दीर्घकाळ चढलेली राहतात. वाढत्या वयातला मेंदू, प्रतिकारशक्ती आणि चयापचय यांवर त्याचा परिणाम होतो. आपलेसे वाटणारे, भरवशाचे एक मोठे माणूस जरी सोबत असले, तरी हा परिणाम बराच सौम्य होऊ शकतो. धोरणाच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा ठरतो.

हा विषय दवाखान्यातून कायदेमंडळात कसा आला?

सुरुवात झाली ती लठ्ठपणाच्या दवाखान्यात. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन घटवण्याचा कार्यक्रम चालवत. १९८५ च्या सुमारास त्यांना एक गोष्ट खटकू लागली. ज्यांचे वजन उत्तम घटत होते, तेच रुग्ण कार्यक्रम अर्ध्यावर सोडत होते. कारण शोधण्यासाठी ते मुलाखती घेऊ लागले. एकदा त्यांच्याकडून प्रश्न चुकीचा विचारला गेला. पहिल्या लैंगिक संबंधाच्या वेळी तुमचे वय किती होते, असे विचारायचे होते, पण त्यांनी वजन विचारले. समोरच्या स्त्रीने ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, असे उत्तर दिले. ती तेव्हा अगदी लहान होती आणि अत्याचार करणारा तिचा बाप होता. पुढे पावणेतीनशेहून अधिक रुग्णांच्या मुलाखतींत असे अनुभव वारंवार समोर आले. अनेकांसाठी वाढलेले वजन हे संरक्षण होते.

१९९० मध्ये लठ्ठपणावरील एका परिषदेत फेलिटी यांनी हे मांडले, तेव्हा उपस्थितांपैकी काहींनी त्यांची खिल्ली उडवली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मात्र दखल घेतली. सीडीसीचे डॉ. रॉबर्ट अँडा आणि फेलिटी यांनी मिळून १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती गोळा केली. १९९८ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्यांना चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम असे अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळली. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे जुनाट आजार यांच्याशीही संबंध दिसला.

सीडीसीच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार, २०११ ते २०२० या काळात पाहणीत सहभागी झालेल्या अमेरिकी प्रौढांपैकी ६३.९ टक्के लोकांनी किमान एक प्रतिकूल अनुभव सांगितला. चार किंवा अधिक अनुभव सांगणारे १७.३ टक्के, म्हणजे साधारण दर सहापैकी एक. हे अनुभव टाळता आले, तर नैराश्याची २.१ कोटी आणि हृदयविकाराची १९ लाख प्रकरणे कमी होऊ शकतील, असा अंदाज सीडीसीने २०१९ मध्ये वर्तवला. अशा आकड्यांमुळे हा विषय सार्वजनिक आरोग्याचा आणि सरकारी तिजोरीचा झाला.

लोकप्रतिनिधींना शिकवण्याची गरज का पडते?

अमेरिकेतील राज्य कायदेमंडळांचे चित्र वॉशिंग्टनपेक्षा फार वेगळे आहे. पूर्णवेळ चालणारी कायदेमंडळे मोजक्याच राज्यांत आहेत. बाकी ठिकाणी सदस्य वर्षातील काही महिने सभागृहात असतात आणि उरलेला काळ आपला व्यवसाय, शेती किंवा नोकरी करतात. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात तब्बल ४०० सदस्य आहेत आणि त्यांचे मानधन वर्षाला १०० डॉलर आहे. व्हरमाँटमध्ये सामान्य सदस्याला स्वतःचा मदतनीसही नसतो. अशा सदस्याला एका अधिवेशनात शेकडो विधेयकांवर मत द्यायचे असते. मेंदूविज्ञान वाचायला त्याच्याकडे वेळ नसतो.

दुसरी अडचण विभागणीची. बालपणीच्या आघाताचे परिणाम सगळीकडे दिसतात, पण ते कोणत्याही एका खात्याच्या कपाटात बसत नाहीत. शाळेतून वारंवार काढले जाणारे मूल शिक्षण समितीपुढे येते, व्यसन आरोग्य समितीपुढे, बालगुन्हेगारी न्याय समितीपुढे आणि बेघरपणा गृहनिर्माण समितीपुढे. चारही ठिकाणी एकच कुटुंब असू शकते. हा धागा जुळवून दाखवणे, हे या मोहिमेचे मुख्य काम आहे.

तिसरी अडचण सदस्य बदलण्याची. १६ राज्यांत कायदेमंडळ सदस्यांच्या कारकिर्दीवर मुदतीची मर्यादा आहे. विषय समजलेला सदस्य निवृत्त होतो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

‘प्रबोधन’ आणि ‘लॉबिंग’ यांत फरक काय?

या मोहिमांत ‘शिकवणे’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला जातो. त्यामागे करकायदा आहे. अमेरिकेत देणग्यांवर करसवलत मिळणाऱ्या धर्मादाय संस्थांना लॉबिंग मर्यादेतच करता येते. खर्चावर आधारित पर्याय निवडणाऱ्या संस्थेसाठी ही मर्यादा पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्के इतकी आहे. खर्च वाढला की टक्केवारी घटत जाते आणि वर्षाची कमाल मर्यादा १० लाख डॉलर आहे. विशिष्ट विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात मत द्या, असे सदस्याला सांगणे म्हणजे लॉबिंग. विषयाची माहिती देणे, संशोधन समोर ठेवणे, मतदारसंघातील स्थिती सांगणे हे त्यात मोडत नाही.

नागरिक स्वतःच्या नावाने बोलत असेल, तर त्याला ही मर्यादा लागू होत नाही. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्याला संविधानाच्या पहिल्या घटनादुरुस्तीने दिला आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी कामाची वाटणी झालेली दिसते. संस्था माहिती, प्रशिक्षण आणि आकडे पुरवते, ‘हे विधेयक मंजूर करा’ ही मागणी नागरिक करतात. ‘कॅम्पेन फॉर ट्रॉमा-इन्फॉर्म्ड पॉलिसी अँड प्रॅक्टिस’सारखे राष्ट्रीय गट आणि राज्याराज्यांतील जाळी यांची भिस्त अशा नागरिकांवर आहे.

शिकवणी चालते कशी?

समितीसमोर साक्ष द्यायला नागरिकाला बहुधा दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय सांगायचे, यावर बरेच संशोधन झाले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्र आणि संवादशास्त्रावर काम करणारी फ्रेमवर्क्स इन्स्टिट्यूट यांनी मिळून काही सोप्या प्रतिमा घडवल्या. मेंदूची जडणघडण घर बांधण्यासारखी असते, पाया कच्चा राहिला तर वरचे मजले डळमळतात, ही त्यातली एक. ‘विषारी ताण’ हा शब्दप्रयोगही याच प्रयत्नांतून रुळला.

या संशोधनाने एक अवघड गोष्टही दाखवली. केवळ अंगावर काटा आणणारी कहाणी सांगितली, तर ऐकणाऱ्याला हळहळ वाटते, पण दोष तो त्या एका आईबापावर टाकतो. ‘वाईट पालक’ या निष्कर्षावर त्याचा विचार थांबतो आणि सरकारने काही करावे, असे त्याला वाटत नाही. म्हणून साक्ष देणाऱ्यांना क्रम शिकवला जातो: आधी शरीरात काय घडते ते, मग ते कशाने थांबते ते, आणि शेवटी सरकारच्या हातात काय आहे ते. व्यक्तिगत अनुभव त्यात उदाहरण म्हणून येतो.

माहितीपटांचाही मोठा वापर झाला. दिग्दर्शक जेम्स रेडफोर्ड यांचे ‘पेपर टायगर्स’ आणि ‘रेझिलियन्स’ हे दोन माहितीपट देशभर ठिकठिकाणी दाखवले गेले. पहिला वॉशिंग्टन राज्यातील एका शाळेवर आहे. शिस्तभंगासाठी मुलांना घरी पाठवण्याऐवजी या शाळेने त्यांच्या वागण्यामागची कारणे शोधायला सुरुवात केली होती.

ठराव झाले, कायदे झाले. पैसे आले का?

या मोहिमेचे यश तीन पायऱ्यांवर मोजता येते. पहिली पायरी ठरावाची. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये संयुक्त ठराव मंजूर केला. धोरणे ठरवताना बालपणीच्या मेंदूविकासाचे विज्ञान आणि विषारी ताण यांचा विचार व्हावा, असे त्यात म्हटले होते. त्याच धर्तीवर त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही ठराव केला. ठरावाला कायद्याचे बळ नसते, त्यासोबत एक डॉलरही येत नाही. पण नागरिकांना पुढच्या वेळी बोट ठेवायला कागद मिळतो.

दुसरी पायरी कायद्याची. व्हरमाँटमध्ये डॉक्टर असलेले प्रतिनिधी जॉर्ज टिल यांनी २०१४ मध्ये रुग्ण तपासणीत एसीई प्रश्नावली आणण्याविषयीचे विधेयक मांडले. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये तेथे दोन कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने आघात प्रतिबंधाच्या कामात समन्वय राखण्यासाठी सरकारात स्वतंत्र संचालकपद निर्माण केले. लहान राज्यात एक पद ही छोटी गोष्ट वाटेल. पण चार खात्यांत विखुरलेला विषय एका टेबलावर येण्याची ती सुरुवात होती.

तिसरी पायरी पैशांची. येथे कॅलिफोर्निया सर्वात पुढे गेला. २०१७ च्या कायद्याने गरिबांसाठीच्या मेडी-कॅल विम्यातील मुलांची आघातासंबंधी तपासणी कशी करावी, हे ठरवण्यासाठी गट नेमला. २०१९ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. नादिन बर्क हॅरिस राज्याच्या पहिल्या सर्जन जनरल झाल्या. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचे प्रमाण एका पिढीत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. जानेवारी २०२० पासून मेडी-कॅलच्या पात्र रुग्णांच्या प्रत्येक तपासणीसाठी डॉक्टरला २९ डॉलर मिळू लागले. २०२१ च्या कायद्याने ही तपासणी खासगी आरोग्य विम्याच्या कक्षेतही आणली.

बाल्टिमोरमध्ये विद्यार्थ्यांमुळे काय घडले?

फ्रेडरिक डग्लस हायस्कूलमधील गोळीबारानंतर नगरसेवक झीक कोहेन यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आणि युवा समितीने सुनावणी घेतली. विद्यार्थ्यांच्या साक्षींनंतर विधेयकाची जुळवाजुळव सुरू झाली. त्याच वर्षी ११ जुलैला बाल्टिमोरचेच काँग्रेस सदस्य एलिजा कमिंग्ज यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीची बालपणीच्या आघातांवर सुनावणी बोलावली. आघातातून सावरलेल्या नागरिकांनी तेथे तज्ज्ञांच्या बरोबरीने साक्ष दिली. ऑक्टोबरमध्ये कमिंग्ज यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये महापौरांनी स्वाक्षरी केलेल्या शहराच्या कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले: ‘एलिजा कमिंग्ज हीलिंग सिटी अ‍ॅक्ट’.

कायद्याचे तीन भाग आहेत. शहराच्या कर्मचाऱ्यांना आघाताविषयी प्रशिक्षण द्यायचे, प्रत्येक विभागाने आपली धोरणे तपासून लोकांना नव्याने दुखावणाऱ्या पद्धती बदलायच्या आणि या कामासाठी कार्यदल नेमायचे. प्रशिक्षण आधी सुरू झालेल्या विभागांत सार्वजनिक ग्रंथालयाचा समावेश होता. हे ऐकायला विचित्र वाटते, पण कारण सरळ आहे. शाळा सुटल्यावर घरी जायची भीती वाटणारी मुले अनेकदा ग्रंथालयात थांबतात. तेथे झोपलेल्या किंवा आरडाओरडा करणाऱ्या मुलाला बाहेर काढायचे की त्याच्याशी बोलायचे, हा निर्णय ग्रंथालयाचा कर्मचारी घेतो.

वॉशिंग्टनमध्ये काय झाले?

फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रतिनिधीगृहाने आघाताचे भान ठेवणाऱ्या सेवांचे महत्त्व मान्य करणारा ठराव केला. तो विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन माइक गॅलाघर आणि इलिनॉयचे डेमोक्रॅट डॅनी डेव्हिस यांनी मिळून मांडला होता. ज्या काळात दोन्ही पक्षांचे कशावरच जमत नव्हते, त्या काळात या विषयावर ते एकत्र येऊ शकले, याची नोंद घ्यायला हवी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओपिऑइड व्यसनाच्या संकटावर ‘सपोर्ट अ‍ॅक्ट’ हा मोठा कायदा झाला. व्यसनाच्या मुळाशी अनेकदा बालपणीचा आघात असतो, हा नागरिकांचा युक्तिवाद त्यात उतरला. आंतरविभागीय कार्यदल, सीडीसीला माहिती गोळा करण्यासाठी निधी आणि शाळांमधील मानसिक आरोग्य सेवांसाठी अनुदान अशा तरतुदी आल्या.

पण येथेच अमेरिकी अर्थसंकल्पातील मेख आहे. कायद्याने शाळांच्या अनुदानासाठी २०१९ ते २०२३ या काळात दरवर्षी पाच कोटी डॉलरपर्यंत खर्चाला परवानगी दिली. परवानगी म्हणजे तरतूद नव्हे. प्रत्यक्ष रक्कम काँग्रेस दरवर्षीच्या विनियोजन विधेयकात ठरवते, आणि ती परवानगीपेक्षा बरीच कमी राहिली. या विषयावरचे ‘राइज फ्रॉम ट्रॉमा अ‍ॅक्ट’ हे अधिक व्यापक विधेयक डिक डर्बिन आणि शेली मूर कॅपिटो या दोन पक्षांच्या सिनेटरांनी २०१९ आणि २०२१ मध्ये मांडले. दोन्ही वेळा ते मंजुरीपर्यंत पोहोचले नाही.

आक्षेप कोणते?

सर्वात गंभीर आक्षेप गुणसंख्येवर आहे, आणि तो घेणाऱ्यांत मूळ अभ्यासाचे एक जनक डॉ. अँडा स्वतः आहेत. २०२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात इशारा दिला, की हे गुण लोकसंख्येतील कल समजण्यासाठी आहेत, एका व्यक्तीचे निदान करण्यासाठी नाहीत. एकदा झालेला अत्याचार आणि वर्षानुवर्षे झालेला अत्याचार या दोन्हींना येथे एकच गुण मिळतो. तो कोणत्या वयात झाला, हेही गुणात उतरत नाही. २०२१ मध्ये ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, या गुणांवरून एखाद्या व्यक्तीचे पुढचे आरोग्य सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. चार गुण असलेले मूल आजारी पडणारच, असे नाही. पण असा शिक्का शाळेच्या किंवा विम्याच्या नोंदीत बसला, तर त्याचे परिणाम त्या मुलाला भोगावे लागतील.

दुसरा आक्षेप नमुन्यावर आहे. मूळ अभ्यासातील बहुतेक लोक गोरे, विमाधारक आणि शिकलेले होते. गरिबी, वंशभेद, वस्तीतील हिंसा यांचा दहा प्रकारांत समावेशच नाही. त्यामुळे सगळे लक्ष घराच्या चार भिंतींत अडकते आणि बाहेरची परिस्थिती सुटून जाते. हा दोष लोकप्रतिनिधींना सोयीचाही ठरू शकतो. पालकांसाठी वर्ग भरवणे स्वस्त असते, घरभाडे परवडेल अशी व्यवस्था करणे महाग.

तिसरा आक्षेप सेवांवर आहे. तपासणीचे पैसे मिळतात, पण तपासणीत काही आढळले तर पुढे पाठवायला समुपदेशक कुठे आहे? जखम उघडून तशीच सोडली जाते, असे टीकाकार म्हणतात.

आशेची बाजूही संशोधनातूनच आली आहे. विस्कॉन्सिनमधील ६,१८८ प्रौढांवर आधारित आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणीच्या चांगल्या अनुभवांची मोजणी झाली. घरात मनातले बोलता येणे, कठीण काळात कुटुंब पाठीशी असणे, शाळेत आपलेपणा वाटणे, आईवडिलांखेरीज किमान दोन मोठ्या माणसांनी मनापासून लक्ष देणे असे हे अनुभव. ज्यांना असे सहा-सात अनुभव मिळाले, त्यांच्यात नैराश्य किंवा खराब मानसिक आरोग्याची शक्यता दोनपर्यंत अनुभव मिळालेल्यांच्या तुलनेत ७२ टक्क्यांनी कमी होती. प्रतिकूल अनुभव आलेल्यांतही हा फरक टिकून राहिला.

सांगणाऱ्यांचे काय?

समितीसमोर आपल्यावरचा अत्याचार सांगणारी व्यक्ती तीन मिनिटांत खाली बसते आणि सभापती पुढचे नाव पुकारतात. सदस्य कधी फोनमध्ये डोके घालून असतात, कधी उलटसुलट प्रश्न विचारतात. साक्ष ध्वनिचित्रमुद्रित होते आणि कायमची सार्वजनिक नोंद बनते. १७ व्या वर्षी दिलेली साक्ष २७ व्या वर्षी नोकरी देणारा पाहू शकतो. तिच्यात आई, भाऊ, शेजारी यांचाही उल्लेख असतो आणि त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते.

पालक कुटुंबांत वाढलेल्या तरुणांच्या संघटनांनी यावर ‘विचारपूर्वक सांगणे’ ही पद्धत विकसित केली. काय सांगायचे, काय कधीच सांगायचे नाही, याची यादी आधीच करायची. सोबत ओळखीचे माणूस न्यायचे. कोणताही प्रश्न ‘यावर बोलणार नाही’ असे म्हणून परतवायचा हक्क आहे, हे पक्के ठाऊक असू द्यायचे. मोहिमेला कहाणी हवी असते. पण कहाणी संपल्यावर त्या व्यक्तीला रात्री फोन कोण करणार, हे आधी ठरलेले नसेल तर आघाताविषयीची मोहीमच नवा आघात करते, असा या संघटनांचा अनुभव आहे.

भारतात अशी उदाहरणे आहेत का?

हाच शब्दप्रयोग भारतात फारसा रुळलेला नाही, पण मार्ग ओळखीचा आहे. गोव्यात फ्रेडी पीट्स प्रकरणात मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये शिक्षा झाली. त्यानंतर बालहक्क कार्यकर्त्यांनी विषय लावून धरला आणि २००३ मध्ये गोवा बाल कायदा झाला. त्यातून राज्यात स्वतंत्र बाल न्यायालय आले. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतील उपक्रमातून सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुले होती. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. या आकड्यामुळे ‘आपल्याकडे असे होत नाही’ हा समज टिकला नाही. २०११ मध्ये मांडलेले विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये पोक्सो कायदा झाला. २०२० च्या नियमांनी पीडित मुलासोबत तपासात आणि खटल्यात ‘सहायक व्यक्ती’ असण्याची तरतूद अधिक स्पष्ट केली. भरवशाचे एक मोठे माणूस, हाच तो धागा.

फरक असा, की भारतातील बहुतेक कायदे गुन्हा घडल्यानंतरचे आहेत. मारहाण पाहत वाढलेले, व्यसनी बापाचे, आईवडिलांपैकी एक तुरुंगात असलेले मूल अनेकदा या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहते. त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात ते अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या. त्यांना काय शिकवायचे आणि त्यासाठी किती पैसे द्यायचे, हे ठरते विधिमंडळात. तेथे महिला व बालकांच्या हक्कांसाठी समिती आहे. संसदीय समित्याही विधेयकांवर नागरिकांच्या सूचना मागवतात. दार आहे, पण ते ठोठावणारे कमी आहेत.

पुढे काय?

अमेरिकेतील मोहिमेपुढे सध्या माहिती टिकवण्याचे आव्हान आहे. २०२५ मध्ये सीडीसीच्या हिंसाप्रतिबंधाशी संबंधित विभागांत मोठी कर्मचारी कपात झाली. २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी व्हाइट हाऊसने सीडीसीचे इजा प्रतिबंध केंद्रच बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. प्रतिकूल अनुभवांवरील राष्ट्रीय आकडेवारी याच केंद्राच्या कामातून आली आहे. आकडे थांबले, तर नागरिकांच्या हातात उरेल ती फक्त कहाणी. आणि नुसत्या कहाणीने काय होते, हे या मोहिमेनेच दाखवून दिले आहे: ऐकणारा हळहळतो आणि पुढच्या विधेयकाकडे वळतो.

म्हणून लक्ष पुन्हा राज्यांकडे आणि शहरांकडे वळले आहे. नॉर्थ कॅरोलायनात सरन्यायाधीशांनीच २०२१ मध्ये न्यायालयांत आघाताचे भान कसे आणता येईल, यासाठी कार्यदल नेमले. म्हणजे शिकवणीचा वर्ग आता न्यायाधीशांपर्यंत पोहोचला आहे. बाल्टिमोरच्या विद्यार्थ्यांनी मांडलेला प्रश्न मात्र तसाच आहे. गोळी झाडली गेल्यावर शाळेत कोण धावत येणार, हे प्रत्येक सरकार ठरवून ठेवते. त्याआधीच्या दहा वर्षांत त्या घरात कोण जाणार, हे ठरवणारी सरकारे अजून थोडीच आहेत.